निवास, आहार, सवयी

उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून दीनानाथ सर वाचले. मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या, अंकुशनगरच्या कारखान्यावर नंबर लावायची घाई, आणि पुढं भर रस्त्यात बनियन-चड्डीवर उभा असलेला ऐंशीच्या घरातला म्हातारा, हातात खडूची पेटी. ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला, तर सर त्यालाच म्हणाले, "वर्गात उशिरा यायचं आणि वर तोंड करून बोलायचं? बाकावर उभा राहा." तीर्थपुरीतली निम्मी माणसं सरांच्या हाताखालून गेलेली. त्यातल्याच एकानं ओळखलं आणि मोटारसायकलवर बसवून घरी आणून सोडलं.

सरांच्या मुलीला, भावनाला फोन आला तेव्हा ती ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात कामावर होती. धापा टाकत घरी आली, तर नाना ओसरीवर बसून दुधात बिस्कीट बुडवून खात होते आणि घरकामाची चांगुणाबाई त्यांचे मातीनं भरलेले पाय पुसत होती.

"दार उघडं कसं राहिलं?"

"मी भांडे घासून राह्यले होते, ताई. पाठ फिरली की गेले."

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. मागं एकदा नाना काळीपिवळीत बसून थेट कुंभार पिंपळगावला गेले होते. त्यांची पहिली नोकरी तिथली. आठवडी बाजारात मिरच्यांच्या ढिगाजवळ उभं राहून गिऱ्हाइकांना प्राण्यांचं वर्गीकरण शिकवताना ते सापडले. बरं, कुलूप घालावं, तर गेट गदागदा हलवून ओरडत, "पोलिसाला बोलवा, या बाईनं मला कोंडलंय." गल्ली जमा व्हायची. भावना चाळिशी ओलांडलेली, अंबडला लग्न होऊन वर्ष-दोन वर्षांत माघारी आलेली. आई कधीच वारलेली, घरात ती आणि नाना दोघंच. तिच्याकडं संशयानं बघायला लोकांना एवढं पुरेसं होतं.

पुण्याहून अद्वैत, तिचा धाकटा भाऊ, फोनवर म्हणायचा, "ताई, पेशन्स ठेव. ते लहान मूल झालेत आता."

"हो," भावना म्हणायची.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. ऊन चढत होतं. नाना गेटची कडी खुडबुडत उभे होते. भावनानं त्यांचा दंड धरला तर त्यांनी तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. दात थोडेच उरलेले, पण होते तेवढे लागले. तेवढ्यात अंगणातल्या नळातून सूंऽऽ असा आवाज आला. कितीतरी दिवसांनी पाणी सुटलं होतं. आधी पाइपातली हवा येते, तिचा आवाज.

नाना दचकले. "हे काय आहे?"

भावना मनगट चोळत होती. विचार न करताच तिच्या तोंडून निघून गेलं, "नळघोण."

नानांचा हात कडीवरून सुटला. ते नळाकडं बघत राहिले. मग पहिल्या बाकावरच्या गरीब पोरासारखं त्यांनी हळूच विचारलं, "काय खाते ती?"

"पाठ केलेलं. कानातून शिरते आणि पाठ केलेलं सगळं खाते."

नाना मागं मागं सरकत घरात गेले आणि पलंगावर पाय वर घेऊन बसले, दोन्ही कानांवर हात दाबून. गेटला कुलूप नव्हतं. दिवेलागणीपर्यंत ते तिकडं फिरकले नाहीत. भावना कितीतरी महिन्यांनी ताटातलं अन्न गरम असताना जेवली.

नळघोण मुळात नानांचीच. नाना हायस्कुलात विज्ञान शिकवत. बेडकाचं काळीज फळ्यावर असं काढत की ते धडधडतंय असं वाटावं. पण पुस्तकातले प्राणी त्यांना पुरत नसत. घरी त्यांनी स्वतःचे प्राणी तयार केले होते, सगळे पाण्यात राहणारे, आणि त्यांचे धडे ते पोरांकडून घोकून घेत. निवास, आहार, सवयी, याच क्रमानं. क्रम चुकला तर पट्टी.

नळघोण नळाच्या पाइपात राहायची. शेवाळीण हौदात आणि रांजणात. ती भिंतीला चिकटून असते, पोरांच्या सावल्या खाते, आणि वाकून बघणाऱ्याला त्याचाच चेहरा करून दाखवते. सगळ्यांत मोठा तळवशा. निवास आड, बारव, पडकी विहीर. उन्हाळ्यात गाळात, पावसाळ्यात कपारीत. आहार केस, नखं, आणि खोटं बोलणाऱ्याची जीभ. सवयी अशा की त्याला डोळे नसतात, तो आवाजावर येतो. रडण्याचा आवाज त्याला लांबून कळतो. आधी पायाचा अंगठा चाखून बघतो.

आड त्यांच्या अंगणातच होता, अरुंद आणि खोल, वर लोखंडी चाक.

भावना चौथीत असताना एकदा हेडमास्तर सहकुटुंब चहाला आले. नानांनी कौतुकानं तिला पुढं उभं केलं. "सांग गं, तळवशा काय खातो?" हेडमास्तरांच्या बायकोला हसू आलं, तिचं बघून भावनालाही आलं, आणि ती म्हणाली, "तळवशा नसतोच. नाना थापा मारतात." सगळे खो खो हसले. नानाही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी गाळ काढायचं मोठं टोपलं दोराला बांधलं. त्या उन्हाळ्यात आडाला गुडघाभर पाणी उरलं होतं. "नसतो ना?" ते शांतपणे म्हणाले. "मंग भ्यायचं काय कारण? याला प्रयोग म्हणतात." तिला टोपल्यात बसवून खाली सोडलं, टोपलं वर घेतलं आणि ते जेवून झोपायला गेले.

खाली पाय गाळात रुतत होते आणि गाळ हलत होता. तो बेडकांमुळं हलत असेल, पण चौथीतल्या पोरीला ते कुठून कळावं. ती ओरडली. मग अंगठा चाखल्यासारखा झाला आणि ती ओरडायची थांबली. वर काठाशी आईच्या बांगड्या वाजत होत्या. आई तिथंच भांडी घासत होती. एकदा आईचं डोकं त्या गोल उजेडात आलं. "रडू नको बाई," आई कुजबुजली. "त्यांना ऐकू गेलं तर आणखी ठेवतील." आणि पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला. अद्वैत तेव्हा एवढासा. त्याला वाटलं ताई खेळतेय. तो वरून खडे टाकत होता.

ऊन कलल्यावर नानांनी तिला वर ओढलं. "असतो की नसतो?"

"असतो."

"निवास?"

तिनं सगळं म्हणून दाखवलं, एक अक्षर न चुकता. नानांनी तिला गुळाचा खडा दिला.

तर असा तो जुना धडा आता कामाला आला. सुरुवातीला भावनानं तो औषधासारखाच वापरला. नाना गेटकडं निघाले की ती म्हणायची, "नळ सुटायची वेळ झाली," आणि ते परत फिरायचे. पुढं ऑफिसला निघताना ती त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर तांब्याभर पाणी ओतायला लागली. "हे ओलं बघितलं का? तळवशा येऊन गेलाय. बाहेर पाय टाकायचा न्हाई." फरशी वाळली की भीती जाईल म्हणून तिनं तिथं एक ओलं पोतंच टाकून ठेवलं. नाना दिवसभर पलंगावर बसून त्या पोत्याकडं बघत. गेट उघडं असो की बंद, आता काही फरक पडत नव्हता. कुलूप तिनं कपाटात ठेवून दिलं.

पण हळूहळू तिला त्यात गोडी लागली. नाना घास थुंकायला लागले की ती म्हणायची, "थुंकणाऱ्याची जीभ शेवाळीण नेते." शेवाळीण जीभ खात नाही, जीभ तळवशा खातो. हे नानांच्याही कुठंतरी लक्षात येई, कारण ते गोंधळून तिच्याकडं बघत आणि त्यांचे ओठ काहीतरी जुळवायचा प्रयत्न करत. त्यांचं ते चाचपडणं बघायला तिला आवडायला लागलं. ऑफिसातून येताना ती नवीन सवयी रचत येई. तळवशा खोकल्याचा आवाज काढतो. तळवशा आधी उशीखाली येऊन बसतो. संध्याकाळी चहा घेत ती पलंगासमोर खुर्ची टाकून बसे आणि विचारी, "निवास?" नाना आठवून आठवून सांगत. "आहार?" तिथं अडकत. "पुन्हा," भावना म्हणे. तिच्या हातात पट्टी नव्हती, एवढाच फरक.

एकदा नानांनी विचारलं, "बाई, ती माझ्या कानात शिरलीय का? नळातली? मला काही सापडत न्हाई आत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भावनानं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "कधीच. आता थोडंच उरलंय."

चांगुणाबाई सकाळी यायची आणि भावना ऑफिसातून येईपर्यंत थांबायची. पूर्वी याच घरात तिला आडाला हात लावायची मुभा नव्हती. नाना लांबून तिच्या ओंजळीत पाणी ओतत. आता नाना तिच्या हातचंच नीट खात, बाकी कुणी भरवलं तर निम्मं थुंकून टाकत. तिलाही ओल्या पोत्याचा सुरुवातीला त्रास वाटला नाही. म्हातारा जागचा हलत नाही म्हटल्यावर दुपारी तिला भिंतीला टेकून डुलकी घेता यायची. पण मग नाना संडासला जायचे बंद झाले. बिछान्यात व्हायला लागलं. अंघोळीची बादली आणली की ते भिंतीत शिरायला बघत. फुलपात्र तोंडाशी नेलं की आधी आत डोकावत, आणि आत कुणीतरी दिसल्यासारखं ढकलून देत.

"ताई, ह्यांना पान्याचं भेव कुनी घातलं?" चांगुणाबाईनं एका संध्याकाळी विचारलं.

"वयाचं आहे ते."

"वयाचं नसतंय असलं. माझा सासरा पार येडा झालता, पर पानी प्यायचा." ती पोत्याकडं बघत होती. "हे पोतं कशाला लागतं इथं?"

"धूळ येते."

दुसऱ्या दिवशी भावना दुपारीच घरी आली तर पोतं उन्हात वाळत होतं, फरशी कोरडी केलेली होती, आणि चांगुणाबाई नानांचा हात धरून त्यांना अंगणात फिरवत होती. नाना पाय उचलून उचलून टाकत होते, तान्ही पोरं टाकतात तसे. ते हसत होते. चांगुणाबाईला ते "आई" म्हणत होते.

भावना गेटात उभी राहिली. हे हसणं तिला कधी मिळालं नव्हतं. काठाशी भांडी घासत बसलेली आई तिला मिळाली, आणि नानांना ही, वाळवलेल्या फरशीवरून बाहेर घेऊन जाणारी.

"उद्यापासून येऊ नकोस," ती चांगुणाबाईला म्हणाली.

"का, ताई?"

"ते पडले असते तर? मला विचारायचं होतं."

चांगुणाबाईनं नानांना पायरीवर बसवलं, आपली पिशवी घेतली आणि गेली. नाना गेटकडं बघत "आई, आई" करत राहिले. भावनानं पोतं भिजवून पुन्हा उंबऱ्याबाहेर टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पोत्याच्याच भरवशावर त्यांना सोडून ती ऑफिसला जायला लागली.

एप्रिलात शाळांना सुट्ट्या लागल्यावर अद्वैत, त्याची बायको अरुंधती आणि मुलगी स्वरा दोन दिवस राहायला आले. नाना किती शांत झालेत हे बघून अद्वैत चकित झाला. "काय जादू केलीस गं? मागच्या वेळेला तर मला ओळखत नव्हते, अंगावर धावून आले होते."

"सवय लागली त्यांना," भावना म्हणाली.

जेवणं झाल्यावर सगळे नानांच्या खोलीत बसले. अद्वैतनं स्वराला मांडीवर घेतलं. "तुला मी तळवशा सांगतो ना रोज? तो या आजोबांनी तयार केलाय. आणि तो याच आडात राहतो." स्वरानं टाळ्या वाजवल्या. अरुंधती म्हणाली की ती रोज ही गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नाही, आणि अद्वैत त्याचं चित्रांचं पुस्तक करायचं म्हणतोय. अद्वैत खुलला. त्यानं डोळे बंद केले, हात लांबवले, तळवशासारखा चाचपडत पलंगाकडं निघाला. "कोण रडतंय? कुणाचा अंगठा गोड आहे?" स्वरा हसून लोटपोट झाली. अद्वैतनं नानांच्या पायाचा अंगठा पकडला.

नानांनी आवाज केला नाही. तोंड उघडं राहिलं आणि पलंगाखाली धार लागली.

"अरे," अद्वैत म्हणाला आणि हात पुसत मागं झाला. अरुंधतीनं स्वराला बाहेर नेलं. भावना फडकं आणायला गेली. स्वयंपाकघरात फडकं हातात घेऊन ती थोडा वेळ उभी राहिली. भाऊ हे प्राणी नानांच्या मांडीवर बसून शिकला होता, म्हणून त्याला ते आवडत होते. तिला त्याचा संताप यायला हवा होता. आला तो नानांचाच.

पाहुणे गेले. उन्हाळा तापला. कॉलेजला सुट्टी लागल्यामुळं आता दिवसभर घरात ती आणि नाना दोघंच. नाना फार कमी पाणी पीत. ती दह्यात कालवलेला भात भरवायची, तेवढंच पोटात जायचं. डॉक्टरकडं न्यायला हवं, असं तिला रोज वाटायचं आणि रोज ते उद्यावर जायचं.

एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. नानांनी विचारलं, "बाई, भावना शाळेतून आली का?"

"कोण भावना?"

"माझी पोरगी. चौथीत आहे."

घडी घालणारे हात थांबले. नाना असे सरळ, स्वच्छ डोळ्यांनी बघत होते की क्षणभर तिला वाटलं त्यांना सगळं आठवतंय. ती म्हणाली, "तिला तुम्ही आडात सोडलंय. सकाळी. विसरले का?"

तिला त्यांचा चेहरा बघायचा होता. इतके महिने जे चाललं होतं ते सगळं जणू या एका चेहऱ्यासाठीच होतं. नानांच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलं नाही. मग कपाळाला आठी पडली आणि ते पलंगावरून उतरले. उंबऱ्याशी आले. पोतं ओलं होतं. त्यांचा पाय उचलला गेला, लटपटला, परत मागं आला. मग त्यांनी डोळे मिटले आणि पाय टाकला. ओलं तळव्याला लागताच त्यांच्या घशातून बारीक आवाज निघाला, पण ते थांबले नाहीत. भिंतीला धरून, अनवाणी, तापलेल्या अंगणातून ते आडाकडं निघाले.

भावना मागं धावली. ते तिला काढायला निघाले होते. एवढ्या भीतीतून, पोतं ओलांडून, तिच्यासाठी. तिला वाटलं आता आपण मोठ्यानं रडणार.

नानांनी आडावरची जाळी बाजूला सारली, काठावर हात टेकून आत वाकले आणि हाक मारली, "भावना."

आत त्यांचाच आवाज घुमला.

"पाठ झालं का?" नानांनी विचारलं.

भावना त्यांच्या पाठीमागं उभी होती. बनियनच्या आत पाठीचे मणके दिसत होते. एक धक्का पुरे होता, आणि कुणाला शंकाही आली नसती. तिचा हात उचलला गेला होता. तो तिनं खाली घेतला. मग तिला ऐकू आलं की आपण बोलतोय.

"निवास आड, बारव, पडकी विहीर. उन्हाळ्यात गाळात, पावसाळ्यात कपारीत."

नानांनी मान हलवली. आवाज खालून येतोय असंच त्यांना वाटत होतं. "आहार?"

"केस, नखं, आणि खोटं बोलणाऱ्याची जीभ."

"सवयी?"

"डोळे नसतात. आवाजावर येतो. रडण्याचा आवाज लांबून कळतो. आधी पायाचा अंगठा चाखतो."

"शाबास," नाना म्हणाले. "बस आता. वर घेतो."

चाकावर जुना दोर आणि पोहरा होता, मोटार बिघडली की लागायचा. नानांनी पोहरा खाली सोडला आणि ओढायला लागले. चाक करकरत होतं. हातात जोर नव्हता. दोर तळहातातून सरकत होता आणि कातडं सोलत होता. भावनानं मदत केली नाही. पोहरा काठावर आला, नानांनी तो मिठीत घेतल्यासारखा ओढून घेतला आणि आत बघितलं.

पाणी होतं.

त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि तळ चाचपला. पुन्हा चाचपला. ज्या पाण्याला ते महिनोन्‌महिने शिवले नव्हते त्यात हात फिरवत राहिले. "इथंच होती," ते म्हणाले. "आत्ता बोलत होती. बाई, तुमचे डोळे चांगले आहेत, तुम्ही बघा ना जरा."

एक वाक्य बोलायचं होतं. नाना, मी इथं आहे. ते भावनाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तळवशानं नेली असेल," ती म्हणाली.

"न्हाई." नानांनी जोरात मान हलवली. "ती रडली न्हाई. रडली असती तर त्याला कळलं असतं. ती कुठं रडली?"

"रडली होती. तुम्ही झोपले होते."

नाना काठाशी खाली बसले. ओले हात त्यांनी अंगापासून लांब धरले होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. ऊन उतरेपर्यंत ते तिथून उठले नाहीत, आणि भावनानं शेवटी काखेत हात घालून त्यांना घरात ओढत नेलं, तेव्हा त्यांचं वजन तिला पोरीएवढं लागलं.

त्या दिवसापासून त्यांनी तोंड मिटलं. पाणी नाही, दूध नाही, दहीभात नाही. भावना घाबरली. तिनं पोतं उचलून उकिरड्यावर टाकलं, फरशी कोरडी केली, पलंगाशी बसून सांगितलं, "नाना, काही नसतं आडात. मी भावना. हे बघा, मी आलेय." तिनं त्यांचा हात आपल्या तोंडावरून फिरवला. नानांनी हात काढून घेतला. परक्या बाईच्या अंगाला हात लागला म्हणून ते संकोचले होते.

जालन्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं. नळीतून थेंब उतरत होता. नाना त्या थेंबाकडं एकटक बघत आणि सुई उपटून काढत. शेवटी हात खाटेला बांधावे लागले. बांधलेल्या हातानं ते कान झाकायला बघत, हात पोहोचत नसे. "वय आहे," डॉक्टर म्हणाले. "अंगातलं पाणी फार कमी झालंय, किडन्या थकल्यात. आधी आणलं असतं तर बघता आलं असतं."

अद्वैत रातोरात निघून आला. सकाळी त्यानं गंगाजलाची छोटी कुपी उघडली आणि चमच्यानं नानांच्या ओठांशी धरली. नानांनी दातांवर दात आवळले. पाणी गालावरून ओघळलं आणि कानात गेलं. त्यांचं सगळं अंग एकदा ताठ झालं. मग सैल पडलं.

तेराव्याला घर भरलं होतं. सरांचे विद्यार्थी लांबलांबून आले होते. जो तो भावनाकडं येऊन म्हणत होता, लेक असावी तर अशी, मुलाच्या वर केलं हिनं. एका म्हाताऱ्या शिक्षकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. भावना हात जोडत होती, वाढत होती, ताटं उचलत होती.

पंगती उठल्यावर चांगुणाबाई आली. आत न येता ओसरीच्या पायरीवर बसली. भावना तिच्यासाठी ताट घेऊन आली. चांगुणाबाईनं ताटाला हात लावला नाही.

"अद्वैत जाईल परवा," भावना म्हणाली. "तू परत ये कामाला. एवढ्या घरात मी एकटी..."

"उंबऱ्यावर पानी कुनी टाकत होतं, ते मला पहिल्याच दिवशी कळालं होतं, ताई."

भावना ताट धरून उभी राहिली. "मग तेव्हा का बोलली नाहीस?"

"मलाबी बरं पडत होतं. झोप मिळत होती." चांगुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मागून लाज वाटली. बोट भिजवून त्यांचे ओठ वले करायचे मी. तेवढं चाटून घ्यायचे. मला काढलं तवा वाटलं, आता ते बी कोन करील."

आतून पाहुण्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. भावनानं आवाज खाली आणला. "कुणाला सांगणार आहेस?"

चांगुणाबाई तिच्याकडं बघत राहिली. तिला राग आल्यासारखं दिसलं नाही. बाजारात एखादी नासलेली वस्तू उलटीसुलटी करून बघावी, तसं ती बघत होती.

"कुनाला सांगू? सांगून ते पानी पिनार हायेत का?" ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी न्हाई यायची. दुसरी बघा."

ती गेटातून बाहेर पडली आणि वस्तीच्या रस्त्याला लागली. मागं वळून बघितलं नाही. भावना ताट घेऊन तशीच पायरीवर बसली. भात गार होऊन त्यावर माश्या यायला लागल्या होत्या. आतून अरुंधतीनं विचारलं, मंडळी निघालीत, चहा टाकू का.

"टाक," भावना म्हणाली, आणि ताट तिथंच ठेवून आत गेली.